बत्तीस पेशंट, एक तास आणि एक विद्यार्थिनी

पत्र:

ताई, मी इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे नर्सिंग कॉलेजच्या मुली पोस्टिंगला येतात. सध्या सहा आहेत, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाच्या. त्यांच्या ट्यूटर मॅडम सकाळी हजेरी घेतात आणि तासाभराने निघतात, कारण त्यांच्याकडे आणखी दोन हॉस्पिटलं आहेत. वॉर्ड 32 खाटांचा, सकाळच्या ड्यूटीला आम्ही दोघी. त्यामुळे मुलींना कामं वाटून दिली आहेत. एकीकडे व्हायटल्स (टेंपरेचर, नाडी, श्वास, बीपी), दोघींकडे बेड मेकिंग, एकीकडे ड्रेसिंगची ट्रॉली, असं.

गेल्या आठवड्यात व्हायटल्सवाल्या मुलीने तासाभरात सगळे चार्ट भरून आणले. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या एका काकांचं बीपी तिने 120/80 लिहिलं होतं. मी सहज त्यांची सलाईन बघायला गेले तर माणूस घामाने डबडबलेला. मी घेतलं तर 88/56, नाडी 120. डॉक्टरांना बोलावलं, धावपळ झाली, आता काका ठीक आहेत. तिला विचारलं तर आधी म्हणाली घेतलं होतं, मग रडायलाच लागली. मी वॉर्डात सगळ्यांसमोर तिला वाट्टेल ते बोलले. त्यानंतर दोन दिवस झाले, ती आलेली नाही.

इन्चार्ज सिस्टर म्हणतात, कॉलेजला सांगून तिला काढून टाकू. ट्यूटर मॅडमचा फोन आला, “सिस्टर, बात यहीं खतम कर दीजिए, बच्ची है.” घरी नणंद म्हणते, तुला काय शिकवायचा पगार मिळतो का? महिनाअखेरीला सगळ्यांची लॉगबुकं, म्हणजे कोणती कामं केली त्याच्या वह्या, सहीला येतील, तेव्हा हिची सही अडवावी का? एरवी गठ्ठा येतो आणि आम्ही सह्या करून टाकतो. मी काय करू?

– रामबागेतली एक सिस्टर

उत्तर:

सिस्टर, लेखी कळवा आणि उशीर करू नका. मात्र पहिला कागद कॉलेजला जायला नको, तुमच्याच नर्सिंग सुपरिंटेंडेंटकडे जाऊ दे. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था, तिचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलात अशा घटनांसाठी ठरलेली पद्धत असते, बहुतेक ठिकाणी छापील फॉर्मही असतो. तुमच्याकडे नसेल तर साधा कागद चालेल. त्यावर घडलं तेवढंच लिहा. तारीख, खाट नंबर, चार्टवर काय लिहिलेलं होतं, तुम्हाला किती वाजता काय मिळालं, डॉक्टरांना कधी बोलावलं, पुढे काय केलं. ‘निष्काळजी’, ‘खोटारडी’, ‘आजकालच्या मुली’ यातलं काही नको. आणि एक ओळ अशी, जी लिहिताना तुमचा हात जरा अडखळेल: 32 जणांच्या व्हायटल्स दुसऱ्या वर्षाच्या एकट्या मुलीकडे कोणी दिल्या आणि तिच्यासोबत कोण होतं. ही ओळ गाळली तर तो कागद म्हणजे एका मुलीची चहाडी. ती असली तर वॉर्डात काय बिघडलंय ते वाचणाऱ्याला कळेल.

चार्ट दुरुस्त केलात का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते. 120/80 वर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ‘चुकीची नोंद’, मग तुमचं रीडिंग वेळेसकट, आणि सही. व्हाइटनर लावायचा नाही, पान बदलायचं नाही. डॉक्टरांनाही स्पष्ट सांगा की चार्टवरचा 120/80 खरा नव्हता. माणूस त्या नोंदीपर्यंत ठीक होता आणि मग एकदम घसरला, की पहाटेपासूनच हळूहळू घसरत होता, यावरून ते वेगवेगळे अर्थ काढणार.

इन्चार्ज सिस्टरांचा उपाय सोपा आहे, पण त्याने होणार काय? ती मुलगी दुसऱ्या वॉर्डात जाईल आणि तिथे 120/80 ऐवजी 116/74 लिहील. पकडलं जाणार नाही असं. ट्यूटर मॅडमनाही कागदाची प्रत द्या. बच्ची आहे हे खरंच आहे, म्हणून तर त्या तासाभराने निघून जातात हा प्रश्न मोठा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. तुमच्या सहा मुलींमागे दिवसातला एक तास उरतो. हे तुम्ही त्यांच्याशी फोनवर भांडून सुटणार नाही, त्या बिचाऱ्या तीन हॉस्पिटलं सांभाळतायत. सुपरिंटेंडेंटनी कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र घातलं तर काही हलेल.

आता तुम्ही बोललात त्याबद्दल. डबडबलेला पेशंट आणि चार्टवर 120/80 हे बघून जिला राग येणार नाही तिने वॉर्डात काम करू नये असं माझं मत आहे. पण ते पेशंटच्या खाटांमध्ये उभं राहून बोलायचं नव्हतं. दोन गोष्टी झाल्या. आता अटेंडर, म्हणजे पेशंटसोबतचे नातेवाईक, म्हणणार, हमारे मरीज को स्टूडेंट हाथ न लगाए. आणि बाकीच्या पाच जणींनी, ज्यांनी त्या दिवशी काहीच चूक केली नव्हती, त्यांनी एक धडा घेतला की सिस्टरना कळता कामा नये.

एक हिशेब त्या सकाळी कोणी केला नाही, तो करू या. टेंपरेचर एक मिनिट. नाडी निदान अर्धा मिनिट, अनियमित लागली तर पूर्ण मिनिट. श्वास पूर्ण एक मिनिट. बीपी, पट्टा नीट बांधून, हात हृदयाच्या उंचीला टेकवून, दोन मिनिटं. लिहून पुढच्या खाटेशी जायला अर्धा मिनिट. झाली पाच, आणि यात “बेटा, छुट्टी कब मिलेगी” हा प्रश्न धरलेला नाही. 32 पेशंट, प्रत्येकी 5 मिनिटं, म्हणजे 160 मिनिटं. दोन तास चाळीस मिनिटांचं काम तिने तासात आणून दिलं तेव्हा ते शक्यच नव्हतं, आणि हे कळायला पेशंटला घाम फुटावा लागत नाही. नुसतं घड्याळ पुरतं. तुम्हा दोघींपैकी कोणाच्याच मनात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण चार्ट भरलेले असले की राऊंडला बोलणी बसत नाहीत, आणि सकाळी दहाला आपल्याला तेवढंच हवं असतं. पोळ्या शिकायला आलेल्या पोरीसमोर पहिल्याच दिवशी लग्नघरची कणीक कोणी ठेवत नाही. वॉर्डात मात्र आपण ठेवतो.

तरीही, त्या काकांचंच रीडिंग का चुकलं? तिला एकदा शांतपणे, एकटीला बसवून विचारा की पट्टा बांधला होतास का. माझा अंदाज, बांधला होता. स्टेथोस्कोप कोपराच्या आतल्या बाजूला ठेवला, हवा सोडली, आणि काहीच ऐकू आलं नाही. बीपी पडलं की ते ठोके फार क्षीण ऐकू येतात. 1905 मध्ये कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टराने हे ठोके ऐकून बीपी मोजायची रीत सांगितली, तेव्हापासून शिकणाऱ्यांची हीच रड आहे. वर वॉर्डातला पंखा, ट्रॉलीची चाकं, अटेंडरचे फोन. मुरलेल्या कानांनाही दोनदा पट्टा फुगवावा लागतो. हिला वाटलं, आपल्यालाच येत नाही. पुन्हा फुगवला, पुन्हा काही नाही. काका डोळे मिटून पडलेले. शेजारच्या खाटेवर 120/80 होतं, तेच इथे उतरलं.

तसं झालं असेल तर बघा, तिला जे ऐकू आलं नाही तेच सांगायचं होतं. “मैम, खाट नंबर अमुक का बीपी सुनाई नहीं दे रहा” एवढं वाक्य तिने तुमच्यापाशी येऊन म्हटलं असतं तर तुम्ही धावला असता. ते वाक्य तिच्या तोंडून का निघालं नाही, हा मला तुमच्या पत्रातला खरा प्रश्न वाटतो. बाकी सगळं त्यामागून येतं.

म्हणून नियम एकच करा आणि सहाही जणींना पहिल्या दिवशी तोंडी सांगा: जे मोजता आलं नाही तिथला चौकोन रिकामा ठेवायचा आणि लगेच येऊन सांगायचं. रिकाम्या चौकोनाला रागावणार नाही, भरलेल्याला विचारीन. सांगणं सोपं आहे. कसोटी पुढे आहे, कारण पहिली मुलगी येईल ती नेमकी तुम्ही अँटिबायोटिक भरत असताना, डॉक्टर राऊंडला आलेले असताना. तेव्हा तुमच्या कपाळावर आठी उमटली तर नियम तिथेच संपला. नुसतं “थांब, दोन मिनिटांत येते, पेशंट कसा दिसतोय ते सांग” इतकं म्हणा. पेशंट कसा दिसतोय हे विचारायला विसरू नका. घाम आहे का, बोलतोय का, हात गार आहेत का. मशीन नसताना नर्स हेच वापरते, आणि आकड्यांच्या मागे लागलेल्या मुलींना ते कोणी विचारत नाही.

मग जाऊन तिच्यासमोर घ्या. आधी बोटं मनगटाच्या नाडीवर, पट्टा फुगवत न्या, नाडी बोटाखालून नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेवा, त्याच्या वर आणखी 20-30 फुगवा, मग स्टेथोस्कोप लावून सावकाश सोडा, सेकंदाला दोन-तीन. वरचा आकडा कानाआधी बोटांना कळतो हे तिला त्या दिवशी कळलं की पुढे ती घाबरणार नाही. दोन जणांना एकत्र ऐकता येईल असा शिकवण्याचा स्टेथोस्कोप मिळतो. कॉलेजच्या लॅबमध्ये कपाटात बंद असेल, तो मागून घ्या.

थोडं विषय सोडून. तुमच्याच वॉर्डाचे गेल्या महिन्याचे चार्ट काढा आणि फक्त श्वासाचा रकाना बघा. 18, 18, 20, 18, 20. न्यूमोनिया असो की हर्निया, सगळे जण 18 किंवा 20. हा रकाना विद्यार्थिनींनी भरलेला नाही, आपण पगारी माणसांनी भरलाय. आणि हाच सर्वात आधी बोलतो. रक्तस्राव होत असला तर नाडी आणि श्वास आधी वाढतात. बीपी टिकून राहतं आणि साधारण 30 टक्क्यांच्या वर रक्त गेलं की मग पडतं. धडधाकट माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त, म्हणजे दीड लिटर जाईपर्यंत बीपीचा आकडा आपल्याला गाफील ठेवू शकतो. तुमच्या काकांना नेमकं काय झालं होतं ते मला माहीत नाही, पण आठच्या आणि सहाच्या चार्टवर श्वास किती लिहिलाय ते बघा. मुली डोळ्यांनी शिकतात. सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभी राहून, न मोजताच श्वासाचा आकडा लिहिते हे त्यांनी पाहिलं, की तेवढं बीपीला लावायला वेळ लागत नाही.

आणि लॉगबुकं. तुम्ही लिहिलंत, गठ्ठा येतो आणि करून टाकतो. हिची सही अडवू का, असंही विचारलंत. सिस्टर, न मोजलेल्या बीपीचा आकडा आणि न पाहिलेल्या प्रोसिजरवरची सही यांत मला तरी काही फरक दिसत नाही. उलट सही जास्त जड, कारण त्या आकड्याने एका पेशंटचा घात झाला असता, आणि ‘कॅथेटर घातला, पाच वेळा, स्वतंत्रपणे’ यावर तुमचं नाव असलं की ही मुलगी पुढच्या वर्षी रात्रपाळीला कोणाच्या तरी आईला कॅथेटर घालणार. तेव्हा शिक्षा म्हणून तिची एकटीची सही अडवू नका. जे पाहिलं नाही त्यावर सहाही जणींची करू नका. महिनाअखेरचा गठ्ठा बंद करा. वही रोज खिशात किंवा ट्रॉलीवर असू दे, काम पाहिलं की तिथल्या तिथे सही आणि तारीख. सुरुवातीला सगळे कुरकुरतील, मुली सर्वात जास्त.

कामाची वाटणीही बदला. एकीकडे सगळी बीपी, दुसरीकडे सगळ्या चादरी, ही पद्धत वॉर्ड आवरायला बरी, नर्स घडवायला निकामी. त्याऐवजी प्रत्येकीला दोन पेशंट द्या, फार तर तीन. त्यांचं सगळं तिच्याकडे: व्हायटल्स, स्पंजिंग, पाठ बघणं, इनटेक-आउटपुट (पोटात किती पाणी गेलं, बाहेर किती आलं), खाल्लं की नाही, लघवी झाली की नाही, रिपोर्ट आले का. सहा मुली, बारा-चौदा पेशंट. उरलेले अठरा-वीस तुम्ही दोघी बघता तसे बघाल, आणि त्या बारा जणांची बारीकसारीक खबर तुम्हाला न मागता मिळेल. वेळ वाचेल असं मी म्हणत नाही. पहिला आठवडा जास्तच जाईल. पण पाळी संपताना पुढच्या सिस्टरला चार्ज देताना त्या मुलीने आपल्या दोन पेशंटबद्दल चार वाक्यं बोलायची: कोण आहे, कशासाठी आहे, आज काय बदललं, मला काय वाटतं. चौथं वाक्य काढून घ्या. “तुला काय वाटतं?” आणि मग “कशावरून?” हे दोन प्रश्न विचारले की तिला काय येतं आणि काय येत नाही ते एका मिनिटात कळतं, तासाभराचं लेक्चर नको.

त्याही आधी, पहिल्याच दिवशी प्रत्येकीला विचारा की यातलं तू स्वतःच्या हाताने काय केलं आहेस. पुस्तकात कुठलं वर्ष चालू आहे त्यावर जाऊ नका. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, सीबीआयने कॉलेजं तपासली, कितीतरी ठिकाणी उणिवा निघाल्या, परीक्षा मागे पडल्या. यात मुलींचा काय दोष? घरच्यांनी फी भरली, त्या भंवरकुआंच्या पीजीत राहिल्या, आणि वर्गात पुतळ्यावर शिकून थेट तुमच्या वॉर्डात आल्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने जिवंत माणसाचं बीपी मोजकंच घेतलेलं असणं शक्य आहे. ते तिने सांगावं इतकं तरी आपण विचारायला हवं.

औषधांच्या बाबतीत मी कडक आहे. तुमच्या नजरेबाहेर एकही इंजेक्शन नाही, मग वॉर्डात आग लागलेली असली तरी. सगळ्यात जास्त भीती मला इन्सुलिनची वाटते, कारण ते रोजचं म्हणून सोपं वाटतं. आपल्याकडे वायलमधलं बरंच इन्सुलिन मिलीला 40 युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. 100 युनिटवाल्याची नारिंगी टोपीची. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला जातात 50 युनिट. मुलीला ही दोन्ही टोपणं हातात देऊन विचारा, फरक काय. पोटॅशियमची अँप्यूल तर तिच्या हातात द्यायचीच नाही. ती तुम्हीही दोघी मिळून तपासून घ्या.

फोनचं काय, ते तुम्ही विचारलं नाही. वॉर्डात रील नाही, पेशंटचा फोटो नाही, एवढं एकदा सांगा आणि पुढे चला. ड्रेसिंगला चक्कर येऊन पडणाऱ्या मुली घाबरट नसतात, बहुतेक वेळा उपाशी असतात. आठची ड्यूटी म्हणून सातला न खाता निघालेल्या. इंदुरात सकाळी पोहे मिळत नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही, खाऊन यायला सांगा.

एक गोष्ट कदाचित तुमच्या ध्यानात आली नसेल. या मुली बहुतेक धार, झाबुआ, बडवानी, खरगोनकडच्या असतात. तुमचे पेशंटही तिकडचेच. आपण रामबागेतली माणसं मराठी बोलतो, हिंदी बोलतो, पण भिली नाही, निमाडीही जेमतेम. झाबुआच्या म्हातारीला “दर्द कहाँ है” विचारलं की ती पोटावर हात ठेवते आणि आपण ‘पोटदुखी’ लिहितो. त्याच म्हातारीशी तिच्या बोलीत बोलणारी मुलगी तुमच्या वॉर्डात उभी असते, आणि आपण तिला चादरी घालायला लावलेलं असतं. कोणाला कोणती बोली येते हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. बोलावून म्हणा, “यांना विचार, रात्री काय झालं, आणि मला सांग.” ज्या मुलीला तुम्ही एकदा असं गरजेने विचारलं, ती पुढे तुम्हाला ‘येत नाही’ म्हणायला कमी घाबरते, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

नणंदबाईंना सांगा, त्यांचं बरोबर आहे. शिकवायचा वेगळा पगार मिळत नाही. पण ती मुलगी अजून रजिस्टर्ड नाही, तुम्ही आहात. त्या काकांना काही झालं असतं तर चौकशीत पहिलं नाव ड्यूटीवरच्या सिस्टरचं आलं असतं. शिकवणं टाळलं तर ते काम वाचत नाही, फक्त तुमच्या रजिस्ट्रेशनवर उभं राहतं. आणि पैशाचा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा, फक्त घरी नको, हॉस्पिटलात विचारा. अनेक खाजगी हॉस्पिटलं पोस्टिंगसाठी कॉलेजकडून पैसे घेतात. घेत असतील तर मुली असतात त्या महिन्यांत सकाळच्या पाळीला एक नर्स जास्त द्या, किंवा दोघींपैकी एकीच्या खाटा कमी करा, ही मागणी अवाजवी नाही. पगारवाढ मागितली तर हसतील. खाटा कमी करा म्हणालात तर निदान ऐकतील, विशेषतः तुमचा घटनेचा कागद समोर असेल तेव्हा. म्हणून तो कागद आधी.

ती परत येईल तेव्हा. आलीच नाही तर तिसऱ्या दिवशी ट्यूटरकरवी निरोप पाठवा की सिस्टरनी बोलावलंय, काढायला नाही. ड्रेसिंग रूममध्ये बसवा, दार उघडं ठेवून, पण बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. सुरुवात काकांपासून करा, तिच्यापासून नाही. ते आता कसे आहेत, तेव्हा काय झालं होतं, 120/80 च्या भरवशावर आणखी दोन तास गेले असते तर काय झालं असतं. हे गोड करून सांगू नका, तिला कळायलाच हवं. मग विचारा, त्या वेळी खरंच काय झालं. आणि मग थांबा. फार अवघड असतं ते थांबणं, आपल्याला लगेच बोलावंसं वाटतं. ती ‘सॉरी मैम’ म्हणेल, त्यावर समाधान मानू नका, ‘सॉरी बाजूला ठेव, काय झालं ते सांग’ म्हणा. सगळ्यांसमोर बोलले ते मी तसं बोलायला नको होतं, हेही एका वाक्यात सांगा, जास्त नको. मग तिला उठवा आणि त्याच काकांकडे घेऊन जा. काकांना विचारा, ही बीपी घेईल, चालेल का. ते नाही म्हणाले तर दुसरा पेशंट घ्या, पेशंटची मर्जी आधी. हो म्हणाले तर तुम्ही शेजारी उभ्या राहा, ती घेईल, तिने लिहिलेल्या आकड्याशेजारी तुम्ही तुमचा आकडा लिहा. पुढचा आठवडाभर तिची रोजची दोन-चार रीडिंग अशी जोडीने होऊ देत.

पुन्हा खोटं लिहिलं तर? तर मग तिला वॉर्डातून काढा, ट्यूटर काहीही म्हणोत. एकदा शिकवून, वाट मोकळी करून दिल्यावरही जी मोजत नाही, तिने हे काम करू नये. तेवढं मन घट्ट करावंच लागतं.

आणि एक विचारायचं राहिलं. या सहा जणींची हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का? तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि नंतर टायटर, म्हणजे लसीने रक्तात पुरेसं संरक्षण तयार झालं का, ते बघायचं. कॉलेज ‘हो, सबका हुआ है’ म्हणेल, तुम्ही तारखांची यादी मागा. सुई टोचली तर काय करायचं हे भिंतीवर लावलेलं असलं तरी तोंडी सांगा: बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच क्षणी तुम्हाला सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाचं औषध लागलं तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि 28 दिवस घ्यायचं. तुमच्या हॉस्पिटलात सोय नसेल तर एमवायला, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलात, एचआयव्हीच्या औषधांचं एआरटी सेंटर आहे, कोण घेऊन जाणार ते आजच ठरवून ठेवा. लसीच्या यादीत जिच्या नावापुढे तारखा नसतील तिला तोवर सुई-सलाईनच्या कामाला लावू नका.